पोशेऱ्याला राहिलेला वेल

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, मंगळवार. जव्हार.

तुला पोचवायला हजर: मावसभाऊ विठ्ठल, अग्नी त्यानेच दिला. आपल्या आळीतले भावसार, झाडून सगळे. भजनी मंडळी. कागदवाला बोहरी आणि त्याचा थोरला मुलगा. शेजारचे सुतार. शाळेचे हेडमास्तर. दरबारातून शिरस्तेदार आणि एक शिपाई. पोशेऱ्याचा लखमा, ज्याने तुला डोलीतून घरी आणलं, आणि त्याच्या पाड्यावरची माणसं. गैरहजर: कारभारीसाहेब. प्रकृती बरी नव्हती असं शिपाई म्हणाला.

बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून ही हजेरी मी दारातूनच घेतली. दादा, तू कुठूनही आलास की पाय धुवायच्या आधी विचारायचास, "कोण कोण होतं गं?" मी सांगायचे. आता विचारणारा कोणी नाही, तरी लिहून काढलं. सवय आहे.

काल तेरावा झाला. मांडवाचे वासे सुताराकडे परत गेले, मोठी पातेली देवळात पोचली. तुझ्या पटाश्या आणि कोरण्या तेल लावून फडक्यात गुंडाळल्या. ठसे पुसून, वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाच्या पाल्यात रचून ठेवले. उरलेली शाई झाकली. एकच काम राहिलंय, आणि ते तुझं आहे: पोशेऱ्याच्या बुधीआजीकडे असलेला तुझा चुकीचा तक्ता काढून त्याजागी नवा ठेवायचा. त्यावरून आपलं भांडण चाललं होतं आणि तू ते अर्ध्यावर टाकून गेलास. असं कोणी करत नाही. माझं बोलून झालेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

नवरा गेल्यावर मी त्र्यंबकहून परत आले, तो दिवस आठवतो? बैलगाडी दारात थांबली. मी उतरले ती तुझ्या गळ्यात पडून रडायच्या तयारीनं. तू म्हणालास, "बरं झालं आलीस, धाकटे. माझ्या कोरण्या सापडत नाहीत." आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. केवढा दगड आहे, म्हणाल्या असतील. वहिनी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घर बघितलं की ते कळत होतं. संध्याकाळपर्यंत मी कोरण्या शोधून काढल्या. पिठाच्या डब्यात, तुळशीच्या कुंडीत, एक तर तुझ्याच पागोट्यात खोचलेली. रात्री जेवताना ध्यानात आलं की दिवसभरात मी रडलेच नाही. दुसऱ्या दिवशी तू मला शाई घोटायला बसवलंस. काजळी आणि जवसाचं तेल. बाबांच्या रंगाच्या हंड्यांशी खेळत वाढलेल्या मुलीला ते काय अवघड? त्या दिवसापासून मी तुझी कोठावळीण झाले, कागद-शाईची कोठी सांभाळणारी. कोणी भेटायला आलं की तू ओरडायचास, "कागद जपून हाताळा रे, आमची कोठावळीण बघतेय!"

बाबा स्वतः ठसे कोरून लुगड्यांचे काठ छापायचे. गिरणीचं कापड बैलांवर लादून जव्हारच्या बाजारात यायला लागलं आणि बाबांचे ठसे आधी माळ्यावर गेले, मग चुलीत. तू मुंबईला गेलास, दगडावरून चित्रं छापणाऱ्या एका कारखान्यात राबलास, अक्षरं उलटी कोरायला शिकलास. चांगलं बस्तान बसलं असतं. एक दिवस ट्रंक घेऊन परत आलास. का आलास, हे मी कितीदा विचारलं. तू वेगवेगळी उत्तरं दिलीस: तिथलं पाणी बाधलं, मालक चिडका होता, खोलीत ढेकूण होते. खरं उत्तर मला तू न सांगता कळलं. मोहाची फुलं गळायच्या दिवसांत तू पहाटे उठून रानात जायचास आणि उन्हं वर आली तरी परत यायचा नाहीस. हातात शिवणीच्या लाकडाची फळी, कमरेला पटाशी. तिथेच बसून कोरायचास. दरबारच्या जाहीरनाम्यांच्या कडा, कुंकुमपत्रिकांवरचे गणपती, हे तू घरासाठी करायचास. रानातलं स्वतःसाठी. धनेशाची जोडी, उक्षीचे घोस, खेकड्याचं बीळ, पळसाचं पान, तेसुद्धा किड्यानं खाल्लेलं.

"देवांच्या तसबिरी छाप, दादा," मी म्हणायचे. "दत्त छाप, लक्ष्मी छाप. दिवाळीला रांग लागेल."

"मी लक्ष्मी बघितलेली नाही."

"मग बघितलंस काय तू आयुष्यात?"

"शेवळ," तू म्हणायचास. "शेवळाचा दांडा मातीतून वर येताना बघितलाय."

"शेवळाच्या भाजीला हार कोण घालणार?"

तू हसायचास. हे भांडण आपण इतक्या वेळा केलं की पुढे पुढे दोघांनाही ते पाठ झालं. मी चूल फुंकताना पहिलं वाक्य टाकायचे आणि तू मान वर न करता शेवटचं म्हणून मोकळा व्हायचास.

आता ते वर्ष. पाऊस मध्येच थांबला आणि भात लोंबीत येण्याआधी वाळलं. मोखाड्याकडच्या सडकेच्या कामावर घाटावरून माणसं आली होती. त्यांना हे रान अनोळखी. पोट भरेना तेव्हा ती दिसेल ते खणून उकडायला लागली. कारभारीसाहेबांनी तुला बोलावून घेतलं. रानातलं काय खावं आणि काय खाऊ नये याचा एक तक्ता छापून दे, म्हणाले. गावोगावच्या पाटलांकडे आणि सडकेच्या तळांवर लावायचा. तू घरी आलास तो जवळजवळ पळतच. दरबारानं तुझ्याकडे पहिल्यांदाच पाना-वेलींचं काम मागितलं होतं.

तू पोशेऱ्याला गेलास. लखमाचा बाप तेव्हा तिथला पाटील. त्याच्या घरी राहून, त्याच्याबरोबर हिंडून तू कंद उकरलेस, वेल उतरवलेस. परत आलास तेव्हा अंगावर खाजकुयलीचे व्रण होते आणि तू गुणगुणत होतास. ठसा कोरताना तू दार लावून घेतलं नाहीस, हेही मला आठवतं; एरवी घ्यायचास. मी येता-जाता बघत होते. तुझा हात इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. फळीवरून पटाशी अशी चालली होती जशी बाबांची चालायची.

त्या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाचे होते दोन कंद, एक गोड, एक कडू. पानं कोवळी असताना दोन्ही वेल सारखेच दिसतात. फरक फिरकीत. काठीला विळखा घालत चढताना एक उजवीकडे वळतो, दुसरा डावीकडे. गोड कंद नुसता उकडून खाता येतो. कडू कंद चकत्या करून, वाहत्या पाण्यात ठेवून, राखेच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकडावा लागतो. तसं न करता खाल्ला तर घसा सुजतो, ओकाऱ्या होतात, अशक्त माणूस दगावतोसुद्धा. म्हणून तू दोन्ही चित्रांखाली ठळक कोरलंस: वेलाची फिरकी पाहून ओळखावा.

तक्ते छापले, वाळले, दरबारच्या शिपायांनी गावोगाव नेले. कारभारीसाहेब खूश झाले. आपण त्या रात्री गोड केलं.

पुढे काही आठवड्यांनी, मी पडवी झाडत होते. पोशेऱ्याहून आणलेला कडू कंदाचा वेल काठीसकट खिळ्याला लटकून वाळला होता. फेकून देऊ का, म्हणून मी विचारलं. तू उठलास, काठी हातात घेतलीस. शेजारीच भिंतीवर आपला घरचा तक्ता लावलेला. तू एकदा काठीकडे बघितलंस, एकदा कागदाकडे. मग तक्ता काढलास, उलटा केलास आणि उन्हात धरलास. कागदाच्या मागच्या बाजूनं दिसणारा वेल बरोबर होता.

तू खाली बसलास. "धाकटे," म्हणालास, "मी कडूचा गोड केला आणि गोडाचा कडू."

मला कळायला वेळ लागला. ठसा उलटा उमटतो हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण बाबांच्या कामात वेल कुठेही वळला तरी चालायचा. लुगड्याच्या एका काठावर उजवा, दुसऱ्यावर डावा, उलट ते शोभून दिसायचं. अक्षरं उलटी कोरायची हे तू मुंबईत शिकलास आणि ती बरोबर उलटी कोरलीस. वेल मात्र तू बाबांच्या हातानं कोरलास. ही चूक फक्त आपल्याच घरात होऊ शकत होती.

त्याच दिवशी तू कारभारीसाहेबांकडे गेलास. ते म्हणाले, "ठसेकर, चित्रातला वेल इतका निरखून कोण बघतो? त्या कामाचं दप्तर बंद झालं."

तू म्हणालास, "दप्तर राहू द्या बंद. तक्ते मी काढून आणतो."

घरी येऊन तू हे सांगितलंस. मी म्हटलं, "असं बोललास? साहेबांना?" तू म्हणालास, "तोंडातून गेलं." त्यानंतर दरबारचं काम आपल्याकडे कमी कमी येत गेलं, ते तुलाही समजत होतं.

त्याच फळीचं तोंड तासून तू नवा ठसा कोरलास. या वेळी प्रत्येक रेघ आरशात बघून. तो आरसा माझा होता. नवरा गेल्यावर मी तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. आमच्यात विधवेनं आरशात बघायचं नसतं. तू आलास आणि म्हणालास, "तुझा आरसा दे. तू बघत नाहीस, तर झाडांना तरी बघू दे." दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. तुला काढून दिला.

मग गावात नवीच करमणूक सुरू झाली. ठसेवाला बाईमाणसाचा आरसा घेऊन रानात जातो, झाडाकडे पाठ करून बसतो आणि आरशात बघून कोरतो. पोरं मागून हिंडायची. बोहरी विचारायचा, "भाऊसाहेब, आज झाडानं वेणी कशी घातली होती?" तू म्हणायचास, "अंबाडा घातला होता." एकदा उक्षी फुललेली असताना मला आरसा धरायला घेऊन गेलास. धरून धरून माझा हात अवघडला. मी तो जरा वळवला आणि काचेत अचानक एक बाई दिसली, कानाजवळ केस पांढरे झालेली. किती वर्षांनी. मी तिच्याकडे बघत राहिले.

"सरक," तू मागून म्हणालास. "फांदी झाकतेयस."

मी इतकी हसले की आरसा सुटता सुटता राहिला. तू तेव्हा काय बघितलंस, काय समजलास, मी विचारलं नाही. पण त्या दिवसानंतर काम संपलं की आरसा तू ट्रंकेत परत ठेवला नाहीस. चुलीशेजारच्या कोनाड्यात उभा ठेवायचास. याबद्दल मी तुझे आभार मानायला हवे होते. मी म्हटलं, "धुराने काळा होईल तो."

तू तक्ते गोळा करायला निघालास. जुना काढायचा, नवा लावायचा. वावर गावापासून मोखाड्याच्या पुढच्या पाड्यांपर्यंत, पायी, गाडीने, कधी सडकेच्या गाढवांबरोबर. कोणी हसलं, कोणी पाणी दिलं. एका पाटलानं तक्ता पावसाचं गळतं बुजवायला छपरात लावला होता. तू छपरावर चढून काढून आणलास. आणलेले कागद तू मागच्या दारी बंबात घालायचास आणि मी गावाच्या नावापुढे खूण करायचे. सडकेच्या एका तळावर कोणा माणसाचा घसा सुजला होता म्हणतात. तो वाचला. त्यानं तक्ता बघितला होता की नुसताच भुकेला होता, हे तुला कुणी सांगू शकलं नाही. तू पुन्हा पुन्हा जाऊन विचारलंस. ती माणसं तोवर घाटावर परत गेली होती. मला वाटतं, या एका माणसानं तुला उरलेलं आयुष्य चालवलं.

सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या. पोशेरा राहिलं.

पाटील तोवर वारला होता. तक्ता होता त्याच्या बायकोकडे, बुधीआजीकडे. तो घरात आला त्या दिवशी तिच्या खळ्यावर, त्या कोरड्या वर्षातसुद्धा, थोडं भात उतरलं होतं. तिनं तक्त्याची घडी करून तो कणसरीच्या टोपलीत ठेवला. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. तिची टोपली वर्षातून एकदाच उघडते, नवं धान्य घरात आलं की. तक्त्याला शेंदूर लागला, तांदूळ लागले, आणि त्याचा देव झाला. तू दर वर्षी जाऊन मागायचास. ती दर वर्षी तुला जेवायला घालायची आणि रिकाम्या हातानं पाठवायची.

एकदा ती बाजाराच्या दिवशी करटोली विकायला जव्हारला आली आणि आपल्या ओट्यावर टेकली. ते बोलणं माझ्या कानात अजून आहे.

"ठसेवाल्या, पानी दे."

"पाणी देतो, आये. तू तक्ता दे."

"तक्ता नाय तो. देव हाय."

"देव कसला? चूक आहे ती. माझी चूक."

"मंग तुझी चूक आमच्याकडं सुखात नांदती. तुला काय दुखतंय?"

"अगं, बदल्यात नवा देतो."

"लेक दिली का कोन माघारी मागतो? आनि दुसरी घे म्हनतो?" ती माझ्याकडे वळली. "बाय, ह्याचं लगीन का नाय लावलं परत? मानसाला कामधंदा लागला असता."

मी पदरात तोंड लपवून आत पळाले. तू तिची करटोली सगळीच्या सगळी विकत घेतलीस आणि आपण कितीतरी दिवस करटोली खाल्ली.

ती गेल्यावर मी तुला म्हटलं, "शेवटी तुझ्या कंदाला कोणीतरी शेंदूर लावलाच." तुला हसू आलं नाही. तिथून खरं भांडण लागलं.

माझं म्हणणं मी आजही मागे घेत नाही. टोपलीत घडी करून ठेवलेला, शेंदरानं माखलेला, वर्षातून एकदा उघडणारा कागद कुणाला फसवणार? आणि त्या घरातली माणसं कंद रानात बघून खणतात, तुझ्या तक्त्यावरून नाही. एक राहिला तर राहू दे. तू म्हणायचास, "एकच राहिला म्हणून तर जायचं." मी म्हणायचे, हा हट्ट आहे. शेवटी एकदा तू चिडून ताट सारलंस आणि म्हणालास, "तिचा नातू उद्या वाचायला शिकेल. टोपली उघडेल तेव्हा अक्षरं लावत बसेल. देवाच्या टोपलीत खोटं असेल, असं त्याच्या मनात तरी येईल का?"

मी ताट उचललं.

या वर्षी दिवाळीनंतर तिचा निरोप आला. तिचं मन का वळलं ते ठाऊक नाही. लखमानं सांगितलं तसं सांगते: नवं धान्य आलं की टोपली उघडायची, ठसेवाल्यानं यायचं, आपल्या हातानं जुना उठवायचा, नवा बसवायचा, जुना नदीत सोडायचा. तू त्या रात्री जेवला नाहीस. नवा तक्ता काढलास, सगळ्यात चांगला, जुन्नरी कागदावरचा, आणि बांबूच्या नळीत घातलास.

निघायच्या दिवशी तुझं अंग कोमट होतं. मी कपाळाला हात लावून म्हटलं, "कणकण आहे. चार दिवस थांब."

"नवं धान्य माझ्यासाठी थांबेल का?"

"तू पडलास तर मला कोण आणून देणार आहे तुला?"

"लखमा आणेल," तू म्हणालास, आणि पायात वहाणा सरकवल्यास. घोंगडी मीच तुझ्या खांद्यावर टाकली, तीसुद्धा रागानं. हे आपलं शेवटचं धड बोलणं.

लखमानं आणलं. त्यांचं खळं अजून पुरं झालं नव्हतं, टोपली उघडायची होती, आणि तू त्यांच्या ओटीवर हिवतापानं पडलास. बुधीआजीनं तुला सोडायला नकार दिला, मग तूच हट्ट धरलास म्हणे, की घरी न्या. डोलीत तुझ्याशेजारी बांबूची नळी होती, तोंड न उघडलेली. मी काढा दिला, वैद्य आणला, कपाळावर घड्या ठेवल्या. जे जे करायचं असतं ते सगळं केलं. तापात तू दोनदा विचारलंस, "धाकटे, उठवला का?"

हो म्हणून टाकायला हवं होतं का? तुला बरं वाटलं असतं. पण तुझ्या-माझ्यात मी कधी न झालेल्या कामापुढे खूण केली नाही. मी म्हटलं, "उठवू." तुला तेवढ्यानंच झोप लागली.

आता जे कधी बोलले नाही ते सांगते, दादा. पहिला तक्ताच सुंदर होता. चुकीचा, उलटा, पण त्यातला वेल धावतो. पानं एकमेकांना ढकलून वर जातात, कंदाच्या अंगावरची माती ओली वाटते. नवा बरोबर आहे. प्रत्येक फिरकी तपासलेली, प्रत्येक पान जागच्या जागी. पण त्यात तू घाबरलेला दिसतोस. तिथून पुढच्या सगळ्या कामात तू थोडा घाबरलेला आहेस, धनेशातसुद्धा, ज्याची सगळे तारीफ करतात. बाबांचा मोकळा हात त्या एकाच कागदात पूर्ण उतरला होता. नवा झाल्यावर तू मला विचारलंस, "बरा झालाय ना?" मी म्हटलं, "अक्षरं ठळक आलीत." तू माझ्याकडे बघत राहिलास. तुला कळलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. मग आपण दोघं कामाला लागलो.

बाकीचे सगळे तू जाळलेस. ठसा तासून टाकलास. त्या मोकळ्या हाताचा आता जगात एकच कागद आहे, आणि तो मी माझ्या हातानं उचलून नदीत सोडायचा आहे.

काल तेराव्याचं जेवण झाल्यावर लखमा अंगणात घुटमळत होता. मी म्हटलं, "काय रे, विडा हवाय?"

"नाय बाय. आयनं सांगाया सांगितलंय." तो खाली बघत बोलला. "तिनं कनसरीपुढं शब्द दिलाय. ठसेवाल्याच्या घरचं मानूस येऊन नवा बसवल्याबगर आमी नवं खानार नाय."

"अरे, भात येऊन पडलंय ना घरात?"

"पडलंय की. कनगीत हाय."

"मग खाता काय?"

"जुनी नाचनी हाय."

"किती आहे?"

"हाय तवर हाय," तो म्हणाला आणि हसला. "घाई नाय, बाय. तुमचं दुखं सरू द्या."

घरात तान्हं मूल आहे त्याच्या. तेही आईच्या दुधावर आणि जुन्या नाचणीवरच. म्हातारी तर शब्द मोडणार नाही. तिला तू ओळखतोस.

तुझं उत्तर काय असेल ते मला ठाऊक आहे. माझ्याकडेही आता त्यावर बोलायला काही उरलेलं नाही. तांदूळ, शेंदूर, नारळ बांधून ठेवलेत. नवा तक्ता नळीतून काढून बघितला, सुकलेला आहे, कुठे डाग नाही. गाडीवानाला विचारून ठेवलंय, तो कधीही यायला तयार आहे. घोंगडी उन्हात टाकून झटकली. शेजारी किल्ली कुणाकडे द्यायची तेही ठरलंय.

काल निघताना लखमानं विचारलं, "मंग आयला काय सांगू? कवा येता?"

मी त्याला शिधा बांधून दिला, पोरासाठी लाडू दिले, वाटेत पाणी कुठे प्यावं तेही सांगितलं. तिथी अजून सांगितलेली नाही.